‘सर्व्हर डाऊन आहे’ म्हणजे नक्की कुठे?

आजच्या भागाचा विषय एका वाक्याएवढा आहे, आणि ते वाक्य तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय. ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.’

सातबारा काढायला जा, जातीच्या दाखल्यासाठी सेतू केंद्रात जा, बँकेत पासबुक भरायला जा, नाहीतर रेशनला जा. हे वाक्य कुठे ना कुठे भेटतंच. नंदुरबार जिल्ह्यात तर ते घराघरात पोचलंय. अहिराणी बोलणारा असो, भिली बोलणारा असो की पावरी, ‘सर्व्हर डाऊन’ हे दोन शब्द सगळे तसेच्या तसे वापरतात.

गंमत अशी की हे वाक्य बहुतेक वेळा खोटं असतं. म्हणजे समोरचा माणूस मुद्दाम खोटं बोलत नाही. त्याच्या मशीनवर लाल अक्षरं आली, त्याने वाचून दाखवली. पण सर्व्हर त्या वेळी बहुधा मजेत चालू असतो. तुटलेलं असतं दुसरंच काहीतरी. नक्की काय तुटलं, ते तुटलं तरी काम कसं चालू ठेवायचं, आणि सगळंच गेलं तर परत कसं आणायचं, हे आज बघू. आमच्या भाषेत याला फॉल्ट टॉलरन्स, स्टोरेज आणि बॅकअप म्हणतात. नावं जड आहेत, गोष्ट सोपी आहे.

सुरुवात नंदुरबारपासूनच करू, कारण देशातल्या एका फार मोठ्या यंत्रणेची सुरुवात तिथूनच झाली. 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात आधारचे पहिले नंबर वाटले गेले. तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी त्यासाठी गावात आले होते. आज शंभर कोटींहून जास्त लोकांकडे आधार आहे.

आता हा सगळा डेटा असतो कुठे? आधारची दोन डेटा सेंटर आहेत. एक बंगळूरला, दुसरं हरियाणात मानेसरला. दोघांमध्ये दीड हजार किलोमीटरहून जास्त अंतर. एका ठिकाणी आग लागली, पूर आला, भूकंप झाला, तरी दुसऱ्या ठिकाणी प्रत आहे. म्हणजे टेंभलीतल्या माणसाच्या बोटाचा ठसा दोन टोकांना जपून ठेवलाय. वरच्या टोकाला यंत्रणा भक्कम आहे.

आता खालच्या टोकाला येऊ. समजा धडगाव तालुक्यातल्या एका पाड्यावरून एक आजी रेशन घ्यायला निघाल्या. सातपुड्यातला रस्ता, चालत दोन तास. दुकानात ई-पॉस मशीनवर अंगठा लावला. तो अंगठा पुढे किती ठिकाणांहून जातो ते मोजू. एक, ते मशीन आणि त्याची बॅटरी. दोन, मशीनमधलं सिम आणि डोंगरावरचा टॉवर. तीन, टॉवरपासून तालुक्यापर्यंतची केबल किंवा हवेतली लिंक. चार, रेशनचा राज्याचा सर्व्हर. पाच, आधारची पडताळणी. पाचही चालले तर धान्य. एक जरी अडलं तरी मशीनवर लाल अक्षरं.

इथे थोडं गणित करू, फार नाही. समजा या पाचपैकी प्रत्येक कडी 99 टक्के वेळ चालू असते. ऐकायला छान वाटतं ना? पण पाच कड्या एकामागे एक असल्या की टक्क्यांचा गुणाकार होतो. 99 टक्के पाच वेळा गुणले की उत्तर येतं साधारण 95 टक्के. म्हणजे वर्षातले जवळपास 18 दिवस यंत्रणा बंद. प्रत्येक कडीवाला छातीठोकपणे सांगू शकतो की आमचं 99 टक्के चालतं, आणि तरी आजींचे 18 दिवस वाया जातात.

आता उलट करू. एखाद्या कडीला जोडीदार दिला, म्हणजे एक बंद पडला तर दुसरा लगेच काम करेल, तर काय होतं? दोन्ही 99 टक्के चालणारे असले तर दोन्ही एकाच वेळी बंद असण्याची शक्यता एक टक्क्याचा एक टक्का. वर्षाला तासाभरापेक्षा कमी. एकटी कडी वर्षाला साडेतीन दिवसांहून जास्त बंद, आणि जोडी तासाभराच्या आत! फॉल्ट टॉलरन्सचं अर्धं शास्त्र एवढंच आहे. जिथे एकच कडी आहे ती जागा शोधा आणि तिला जोडीदार द्या.

पण एक अट आहे, आणि तिथेच सगळे फसतात. दोन्ही जोडीदार एकाच कारणाने बंद पडता कामा नयेत. तुम्ही दोन कंपन्यांची सिम घेतली, पण दोन्ही कंपन्यांचा अँटेना एकाच टॉवरवर आहे, आणि त्या टॉवरला एकच केबल जाते. मग रस्ता रुंद करताना जेसीबीचा एक फटका बसला की दोन्ही सिम गप्प. कागदावर दोन कड्या होत्या, जमिनीत एकच होती. सर्व्हरमध्येही हेच. महागडा सर्व्हर घेतला की त्याला दोन पॉवर सप्लाय येतात. आपण दोन्हीच्या वायरी एकाच एक्स्टेंशन बोर्डात खोचतो. बोर्डाचा फ्यूज उडाला की दोन्ही बंद.

गावोगाव इंटरनेट नेणाऱ्या भारतनेट योजनेतही हाच धडा दिसतो. पहिल्या टप्प्यात बहुतेक ठिकाणी केबल सरळ रेषेत गेली. तालुका, मग हे गाव, मग ते गाव. मध्ये कुठे केबल तुटली की पुढची सगळी गावं अंधारात. 2023 मध्ये सुमारे 1 लाख 39 हजार कोटी रुपयांची सुधारित योजना मंजूर झाली, तिच्यात केबल कड्यासारखी गोल न्यायचं ठरलं. गोल असली की एका बाजूने तुटली तरी दुसऱ्या बाजूने डेटा फिरून येतो. आणि हे कडं डोंगरातल्या गावांना आधी मिळायला हवं, कारण तिथे तुटलेली केबल जोडणारा माणूस पोचायलाच दिवस जातो.

कोणी म्हणेल, एवढं सगळं दोन-दोन ठेवायचं म्हणजे खर्च केवढा? जोडीदार तर बहुतेक वेळ रिकामाच बसणार. बरोबर आहे. ज्या दिवशी काही बिघडत नाही त्या दिवशी जादा क्षमता म्हणजे उधळपट्टी वाटते. नंदुरबारच्या लोकांना याचं उत्तर सांगायला नको. करोनाच्या पहिल्या लाटेनंतर तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी जिल्ह्यात ऑक्सिजन प्लांट उभे केले. पहिला सप्टेंबर 2020 मध्ये, आणि दुसऱ्या लाटेचा जोर वाढायच्या आत आणखी. रुग्ण कमी झालेले असताना ऑक्सिजनवर खर्च करणं सोपं नसतं. एप्रिल 2021 मध्ये देशभर लोक सिलिंडरसाठी धावत होते, तेव्हा त्या खर्चाचा अर्थ कळला. सर्व्हरचं वेगळं नाही. जादा क्षमता बिघाडाच्या आधी उभी करावी लागते. बिघाड झाल्यावर ती बाजारात मिळत नाही.

आता स्टोरेजकडे येऊ. सर्व्हरमधली डिस्क कधी ना कधी मरणारच, हे धरूनच चालायचं. म्हणून अनेक डिस्क मिळून एकमेकींची माहिती सांभाळतात. याला रेड म्हणतात. 1988 साली अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातल्या तीन संशोधकांनी या कल्पनेवरचा गाजलेला पेपर लिहिला. कल्पना अशी, की एक भारी महाग डिस्क घेण्यापेक्षा स्वस्तातल्या बऱ्याच डिस्क एकत्र बांधा.

ती कशी चालते? समजा पहिल्या डिस्कवर 5 हा आकडा आहे, दुसरीवर 7. तिसरीवर आपण बेरीज लिहून ठेवली, 12. उद्या दुसरी डिस्क जळाली. 12 मधून 5 वजा करा, 7 परत मिळाले. प्रत्यक्षात बेरजेऐवजी बिटांचं वेगळं गणित असतं, पण युक्ती हीच. एक डिस्क मेली, काम चालू राहिलं, नवीन डिस्क बसवली, गणित करून ती भरली. वापरणाऱ्याला पत्ताही लागला नाही.

इथे खूप जण थांबतात. ‘आमच्याकडे रेड आहे, म्हणजे बॅकअप आहे.’ मंडळी, रेड म्हणजे बॅकअप नाही! डिस्क मेली तर रेड वाचवतं. पण कोणी चुकून फाईल उडवली तर ती सगळ्या डिस्कवरून एका क्षणात उडते. व्हायरसने सगळं कुलूपबंद केलं तर सगळ्या डिस्कवर कुलूप लागतं. खोलीला आग लागली तर सगळ्या डिस्क एकत्र जळतात.

तुमच्या फोनचं उदाहरण घ्या. फोटो क्लाउडवर सिंक होतात, तुम्ही निर्धास्त. मग फोनमध्ये जागा करायला फोटो डिलीट केले, आणि काही दिवसांनी कळलं की ते क्लाउडवरूनही गेले. कारण सिंक म्हणजे आरसा. तुम्ही टिकली लावली की आरशातही दिसते, पुसली की आरशातूनही जाते. बॅकअप म्हणजे जुना फोटो. आज तुम्ही काहीही करा, त्यातली टिकली तशीच राहते. आरसा काम चालू ठेवायला लागतो, जुना फोटो गेलेलं परत आणायला. दोन्ही लागतात, आणि एक दुसऱ्याचं काम करत नाही.

बॅकअपचा एक जुना नियम आहे, तीन-दोन-एक. पीटर क्रोग नावाच्या फोटोग्राफरमुळे तो प्रसिद्ध झाला. डेटाच्या तीन प्रती ठेवा. त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर ठेवा. आणि त्यातली एक प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवा. शेवटचा ‘एक’ लोक सगळ्यात जास्त विसरतात.

दुसऱ्या ठिकाणाचं महत्त्व महाराष्ट्राने 21 जून 2012 रोजी पाहिलं. त्या दिवशी दुपारी मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर आग लागली आणि ती वरच्या मजल्यांवर चढत गेली. पाच जणांचा जीव गेला. फायलींचे ढीगच्या ढीग जळाले. तेव्हा लोकांनी लगेच विचारलेला एक प्रश्न असा, की आदर्श सोसायटीच्या घोटाळ्याची कागदपत्रं जळाली का? सीबीआयने सांगितलं, नाही, तपासाची कागदपत्रं आमच्याकडे सुरक्षित आहेत. ती वाचली कारण ती त्या इमारतीत नव्हती. फाईल कागदाची असो की डिजिटल, नियम तोच.

डिजिटल म्हटल्यावर आपण सुरक्षित आहोत असं वाटतं, म्हणून एक ताजं उदाहरण देतो. 26 सप्टेंबर 2025 रोजी दक्षिण कोरियातल्या देजॉन शहरात सरकारी डेटा सेंटरला आग लागली. सुरुवात झाली यूपीएसच्या लिथियम बॅटरीपासून. म्हणजे वीज गेली तर काम चालू राहावं म्हणून बसवलेल्या वस्तूपासूनच. त्या आगीत सरकारी कर्मचाऱ्यांच्या फायली ठेवायचा क्लाउड ड्राइव्ह जळाला. 858 टेराबाइट डेटा. आणि त्याचा बाहेर कुठेही बॅकअप नव्हता. कारण काय दिलं गेलं? डेटा फार मोठा होता, बॅकअप घेणं जमलं नाही. जगातल्या सगळ्यात वेगवान इंटरनेटच्या देशांपैकी एक, आणि तिथे ही गत. जितका डेटा मोठा तितका बॅकअप अवघड, आणि तितकाच गरजेचा.

आता बॅकअप असूनही फसतो तो प्रकार. 31 जानेवारी 2017 रोजी गिटलॅब या कंपनीत एका इंजिनीअरला रात्री उशिरा वाटलं की आपण दुय्यम सर्व्हरवर आहोत. त्याने डेटाबेसचं फोल्डर उडवायची कमांड दिली. ती चालली मुख्य सर्व्हरवर. लक्षात येऊन थांबवेपर्यंत सुमारे 300 जीबीमधले साडेचार जीबी उरले होते. काही हरकत नाही, बॅकअप आहेत ना? कागदावर पाच पद्धती होत्या. एकेक उघडून बघितली तर रोजचा बॅकअप कित्येक दिवस होतच नव्हता, कारण सॉफ्टवेअरची आवृत्ती जुळत नव्हती. बॅकअप फसल्याचे ईमेल जात होते, पण ते पोचतच नव्हते. वाचवलं कशाने? सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी घेतलेल्या एका प्रतीने. सहा तासांचं काम कायमचं गेलं. कंपनीने हे लपवलं नाही. दुरुस्ती चालू असताना यूट्यूबवर लाइव्ह दाखवली, नंतर पूर्ण अहवाल छापला. त्या अहवालाने जगभरच्या इंजिनीअरांना शहाणं केलं.

यातून घ्यायचं ते एवढंच. बॅकअप घेतला की काम संपत नाही. तो परत भरून बघितला तरच तो बॅकअप. महिन्यातून एकदा एखाद्या रिकाम्या मशीनवर बॅकअप उतरवा, उघडा, मागच्या मंगळवारची एक नोंद शोधा. सापडली तर चहा प्या. नाही सापडली तर आज कळलं हे नशीब.

इथे दोन शब्द कामाचे आहेत, आरपीओ आणि आरटीओ. लायसन्स काढतो ते आरटीओ नाही हो! आरपीओ म्हणजे किती वेळाचं काम गेलं तरी चालेल. आरटीओ म्हणजे किती वेळात परत सुरू व्हायला हवं. पतसंस्थेत दिवसभराच्या पावत्या हातात असतात, एक दिवसाच्या नोंदी गेल्या तर परत भरता येतील. दवाखान्यात कोणाला कुठलं इंजेक्शन दिलं ही नोंद पाच मिनिटांचीही जायला नको. हे दोन आकडे आधी ठरवा, मग किती खर्च करायचा ते आपोआप कळतं.

आता परत त्या आजींकडे जाऊ, कारण त्यांचा प्रश्न अजून सुटलेला नाही. आपण सगळ्या कड्या दुहेरी केल्या तरी कधीतरी यंत्रणा अडणारच. सातपुड्यातला पाऊस तुम्हाला माहीत आहे. मग अडल्यावर काय करायचं? चांगली यंत्रणा अडली की हळूच एक पायरी खाली उतरते, थेट दार बंद करत नाही. ऑनलाइन नाही तर ऑफलाइन नोंद घेते, नेट आलं की वर पाठवते. तुमच्या यूपीआयला नेट गेल्यावर पेमेंट अडकतं, तुम्ही घाबरून परत बटण दाबता. अशा वेळी दोनदा पैसे जाऊ नयेत म्हणून त्या एका मागणीला एकच वेगळा नंबर दिला, की तीच मागणी दुसऱ्यांदा आल्यावर सर्व्हर ओळखतो. ऑफलाइन नोंदींनाही हीच युक्ती लागते. नाहीतर एका माणसाचं धान्य दोनदा चढेल.

आणि सगळ्यात खालची पायरी? वही. हसू नका. केंद्र सरकारने 24 ऑक्टोबर 2017 रोजी राज्यांना लेखी सूचना दिल्या, की आधार नाही, नेटवर्क नाही किंवा अंगठा जुळत नाही म्हणून कोणाचंही रेशन नाकारायचं नाही. शिधापत्रिका बघून धान्य द्यायचं आणि त्याची वेगळी नोंद ठेवायची. इंजिनीअर म्हणून मी ती सूचना वाचतो तेव्हा मला ती फॉल्ट टॉलरन्सचीच रचना वाटते. पाच कड्या तुटल्या तरी काम चालू. कागद, पेन आणि दुकानदार, ही सहावी वाट. फक्त ती वाट दुकानदाराला माहीत असली पाहिजे, आणि नोंद केली म्हणून त्याच्यावर संशय येणार नाही याची खात्री असली पाहिजे. नाहीतर ती वाट गिटलॅबच्या त्या बॅकअपसारखी. कागदावर आहे, वेळेला चालत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं. यंत्रणा किती भक्कम आहे हे बंगळूरच्या डेटा सेंटरमध्ये बसून मोजायचं नसतं. ते दुकानाच्या खिडकीपाशी मोजायचं असतं. सर्व्हर 99.99 टक्के चालला, पण आजी दोन तास चालून रिकाम्या हाताने परत गेल्या, तर त्या दिवशी यंत्रणा बंद होती. हिशेबात तसंच लिहायला हवं. आज ते लिहिलं जात नाही, कारण आजींचे चार तास कुठल्याच डॅशबोर्डवर दिसत नाहीत.

ऐकणाऱ्यांपैकी कोणी शाळेचा, पतसंस्थेचा, दवाखान्याचा किंवा ग्रामपंचायतीचा कॉम्प्युटर सांभाळत असेल, तर या आठवड्यात चार गोष्टी करा. एक, कागदावर सगळ्या कड्या काढा आणि जिथे एकच आहे तिथे लाल गोल करा. दोन, बॅकअपची एक प्रत दुसऱ्या गावात ठेवा, नंदुरबारची शहाद्याला, शहाद्याची नंदुरबारला, आणि ती प्रत कुलूप म्हणजे पासवर्ड लावून ठेवा, कारण तिच्यात लोकांची माहिती आहे. तीन, एक प्रत नेटपासून पूर्ण तोडलेली ठेवा. हार्ड डिस्क काढून कपाटात ठेवली की व्हायरस तिथे पोचत नाही. चार, बॅकअप परत भरून बघा, आणि वीज-नेट दोन्ही गेलं तर काम कोणत्या वहीत करायचं ते आजच ठरवा.

आणि जे खिडकीच्या बाहेरच्या बाजूला उभे राहतात, त्यांच्यासाठी दोन प्रश्न देतो. पुढच्या वेळी ‘सर्व्हर डाऊन आहे’ ऐकलं की भांडू नका, आतल्या माणसाच्या हातात काही नसतं. शांतपणे विचारा, ‘भाऊ, नक्की काय बंद आहे? आणि ते चालू होईपर्यंत नोंद कशी घेता येईल?’ दहा जणांनी विचारलं तर अकराव्याच्या वेळी उत्तर तयार असेल.

आजचा भाग इथेच थांबवतो. तुमच्या गावात ‘सर्व्हर डाऊन’चं खरं कारण काय निघालं, केबल, बॅटरी, टॉवर की आणखी काही, ते मला नक्की कळवा. पुढच्या भागात भेटू. आणि तोपर्यंत, फोनमधले फोटो डिलीट करण्याआधी ते सिंक आहेत की बॅकअप, एवढं बघून घ्या.